ड्रम्सचा खासगी क्लास: सांगितलेली फी आणि खरा खर्च

ड्रम्स शिकायचं ठरलं की पहिल्याच आठवड्यात दोन ठिकाणी पैसे जातात. वर्षाची फी एकरकमी भरली जाते आणि पाठोपाठ सेट विकत घेतला जातो. दोन्ही करू नका. पहिले तीन महिने तुम्हाला एवढंच लागतं: स्टिकच्या दोन जोड्या, एक प्रॅक्टिस पॅड आणि आठवड्यातून एकदा नीट शिकवणारा माणूस. तीन महिन्यांनी हात रोज पॅडकडे वळतोय असं दिसलं, तरच पुढच्या खर्चाचा विचार करा.

खालचे आकडे पुण्या-मुंबईतले ढोबळ दर आहेत. लहान शहरांत फी कमी पडते, वस्तूंचे भाव मात्र जवळपास सारखेच राहतात.

स्वतंत्रपणे शिकवणारे शिक्षक तासाला साधारण ५०० ते १,५०० रुपये घेतात. कार्यक्रमांत वाजवणारे, नाव असलेले कलाकार २,००० आणि त्याहून जास्तही सांगतात. नवशिक्याला त्यांची गरज नसते. पहिल्या वर्षी हवा असतो तो हाताची पकड, बसणं आणि लय शांतपणे सुधारून घेणारा शिक्षक, आणि असा शिक्षक ७००-८०० रुपयांतही मिळतो. घरी येऊन शिकवायचे दर क्लासमागे २०० ते ५०० रुपयांनी चढे असतात. ऑनलाइन स्वस्त पडतं, पण अगदी सुरुवातीला ते घेऊ नका. पकड चुकली तर शिक्षकाला तुमचं बोट धरून जागेवर ठेवता आलं पाहिजे.

फी विचारताना तीन प्रश्न लगेच विचारा. क्लास किती मिनिटांचा? ८०० रुपयांत ४५ मिनिटं मिळणार असतील, तर तासाचा दर १,०६७ रुपये झाला. महिना म्हणजे चार क्लास की दर आठवड्याला एक? पाच रविवारांच्या महिन्यात पाचव्या क्लासचे पैसे वेगळे लागतात का, हे आधीच कळलेलं बरं. आणि तिसरा: एकटं शिकवणार की आणखी दोघांसोबत? खासगी क्लासचे पैसे घेऊन एकाला सेटवर बसवायचं आणि बाकीच्यांना पॅडवर ठेवायचं, हा प्रकार सर्रास चालतो. दोघांत शिकणं वाईट नाही, पण मग फीही त्याच हिशोबाने हवी. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी अर्धा तास पुरतो. त्यांच्यासाठी तासाचे पैसे भरू नका.

फीच्या वर काय काय लावलं जातं, ते पाहा. नोंदणी शुल्क ५०० ते २,००० रुपये. एकटा माणूस स्वतःच्या घरी शिकवत असेल, तर हे कशासाठी ते विचारा. बऱ्याचदा विचारल्यावर माफ होतं. नोट्सच्या झेरॉक्सचे पैसे. ‘वार्षिक कार्यक्रमा’ची वर्गणी, त्यातच हॉलचं भाडं, टी-शर्ट आणि व्हिडिओ शूटिंग. कार्यक्रमात वाजवणं ऐच्छिक आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. शिक्षक जॅमरूम (बँडच्या सरावाची खोली) भाड्याने घेऊन शिकवत असेल, तर तासाचे ३०० ते ७०० रुपये भाडं फीमध्ये धरलंय की तुमच्याकडून वेगळं घेणार? इथेच महिन्याला हजार ते तीन हजारांचा फरक पडतो.

आता जीएसटी. कोणी ‘फी अधिक १८ टक्के’ म्हणालं तर जीएसटी क्रमांक मागा. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे नोंदणी बंधनकारक नसते, आणि ज्याची नोंदणी नाही त्याला ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही. एकट्याने शिकवणारे बहुतेक जण या मर्यादेतच असतात. क्रमांक १५ अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर एका मिनिटात तपासता येतो. क्रमांक नसेल तर तो कर नाही, वाढवलेली फी आहे. आणखी एक: या फीच्या पावत्यांवर आयकरात सवलत मिळत नाही. ती पूर्ण वेळ शिक्षणाच्या शालेय आणि महाविद्यालयीन फीला आहे, खासगी शिकवणीला नाही. कोणी ते आमिष दाखवत असेल तर सोडून द्या.

शिक्षक शोधायचा कुठे? वाद्यांच्या दुकानात विचारा, जवळच्या जॅमरूमच्या माणसाला विचारा, चर्चच्या किंवा कॉलेजच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या मुलांना विचारा. गोव्यात आणि वांद्रे-वसई पट्ट्यात हा तिसरा रस्ता सगळ्यात भरवशाचा. शिकवणी शोधून देणाऱ्या पोर्टलवर नाव मिळतं, पण तिथे शिक्षकाला तुमचा नंबर मिळवायला पैसे मोजावे लागतात आणि ते फिरून तुमच्याच फीत येतात. थेट गाठता आलं तर थेटच गाठा. दोन-तीन शिक्षकांकडे ट्रायल क्लास घ्या. तो फुकट मिळतो किंवा एका क्लासच्या फीत होतो. पैसे देऊन घेतलेला चांगला, कारण मग ‘नाही’ म्हणायला संकोच वाटत नाही.

ट्रायलमध्ये शिक्षक किती छान वाजवतो, ते पाहू नका. तुमच्या हाताकडे त्याचं लक्ष किती आहे, ते पाहा. चांगला शिक्षक आधी स्टूलची उंची लावतो: बसल्यावर मांड्या गुडघ्याकडे किंचित उतरत्या, पाय पेडलवर सहज टेकलेले. मग स्टिक हातात देतो. ती टोकाला धरू देत नाही, मुठीत आवळू देत नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ती ज्या ठिकाणी तोलली जाते, ते ठिकाण शोधायला लावतो आणि पॅडवर स्टिक नुसती टाकायला सांगतो. पडली की ती आपोआप उसळते. ती उसळी दाबायची नाही, वापरायची, हा पहिल्या दिवसाचा धडा. त्यानंतर मेट्रोनोम (ठराविक लयीत टिकटिक करणारं साधन) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून उजवा-डावा, उजवा-डावा. हे सगळं पाऊण तासात व्हावं. त्याऐवजी शिक्षकाने वीस मिनिटं स्वतःच वाजवून दाखवलं, लगेच तुम्हाला एखाद्या गाण्याचा ठेका धरायला बसवलं आणि ‘तीन महिन्यांत स्टेजवर’ असं सांगितलं, तर पुढच्या ट्रायलला जा. चुकीच्या पकडीने मनगट दुखायला लागतं, आणि ती सवय मोडायला नंतर वर्षभराची फी जाते.

अभ्यासक्रम काय, हेही विचारा. ‘तुमच्या आवडीप्रमाणे’ हे उत्तर पुरेसं नाही. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरवलेली ४० रुडिमेंट्सची (हाताच्या मूलभूत ठोक्यांच्या नमुन्यांची) यादी सगळीकडे प्रमाण मानली जाते आणि ती इंटरनेटवर फुकट मिळते. त्यातले सिंगल स्ट्रोक, डबल स्ट्रोक, पॅराडिडल, फ्लॅम पहिल्या सहा महिन्यांत यायला हवेत, जोडीला साधे आठाचे ठेके आणि नोटेशन वाचायची सुरुवात. या यादीच्या झेरॉक्ससाठी पैसे देऊ नका. जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचं १९३५ सालचं ‘स्टिक कंट्रोल’ हे पुस्तक जगभर वापरलं जातं. शिक्षकाने घ्यायला सांगितलं तर जरूर घ्या, वर्षानुवर्षं पुरतं.

आता सामान. स्टिकवर क्रमांक असतात. मोठ्यांनी ५ए घ्यावी, लहान मुलांनी आणि छोट्या हातांनी ७ए. ५बी जाड असते, ती आत्ता नको. भारतीय बनावटीची जोडी ३०० ते ५०० रुपयांत मिळते, परदेशी ब्रँडची ९०० ते १,२०० मध्ये. नवशिक्या स्टिक मोडतो आणि हरवतोही, तेव्हा स्वस्त जोडीने सुरुवात करा. दुकानात काउंटरवर दोन्ही स्टिक लोळवून पाहा. डगमगत, लंगडत गेली तर ती वाकडी आहे. मग एकेक करून टेबलावर आपटा: दोन्हींचा आवाज एकाच उंचीचा यायला हवा. दुकानदाराला याचं नवल वाटत नाही, निःसंकोच करा. मुंबईत धोबी तलावाला फुर्टाडोजसारख्या जुन्या दुकानात उभं राहून निवडता येतं. ऑनलाइन मागवलेली जोडी अशी पारखता येत नाही.

पॅड १,००० ते ३,००० रुपयांना. रबराचा, किमान आठ इंचांचा घ्या. खूप उसळी देणारा पॅड घेऊ नका, त्यावर हात खोटा वेगवान होतो. स्टँड लागतोच असं नाही, जाड गादीच्या खुर्चीवर पॅड ठेवूनही चालतं. मेट्रोनोमसाठी फोनवरचं फुकट ॲप पुरे. शिक्षक ‘माझ्याकडूनच घ्या’ म्हणाला, तर तोच ब्रँड दुकानात केवढ्याला मिळतो ते आधी पाहा. काही शिक्षकांना दुकानांकडून कमिशन मिळतं. त्यात बेकायदा काही नाही, पण ते तुमच्या खिशातून जाऊ नये. वेगवेगळ्या ब्रँडची दोन मॉडेल्स लिहून द्यायला सांगा आणि खरेदी स्वतः करा.

सेट घ्यायची वेळ आली की आधी घर पाहा. फ्लॅटमध्ये राहत असाल, तर खऱ्या ड्रमसेटचा विचार सोडा. तो सहज १०० डेसिबलच्या वर जातो. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. एक तक्रार झाली की सेट माळ्यावर जातो आणि क्लासही सुटतो. इलेक्ट्रॉनिक सेट हा मार्ग आहे, पण तो पूर्ण मुका असतो असं समजू नका. हेडफोन लावला तरी किक पेडलचा धक्का जमिनीतून खालच्या मजल्यावर पोहोचतो. जाड रबरी मॅट लागते, आणि तरीही खालच्यांशी आधी बोलून वेळ ठरवून घ्या. सोसायटीचे स्वतःचे नियम असतील तर सचिवांना एक ओळीचं पत्र देऊन ठेवा. संध्याकाळी ५ ते ७ ही वेळ बहुधा मान्य होते, दुपारी २ ते ४ कधीच होत नाही.

इलेक्ट्रॉनिक सेट साधारण २५,००० पासून सुरू होतात. जाळीचे पॅड असलेला बरा सेट ४०,००० च्या आसपास येतो. जाहिरातीतल्या फोटोला भुलू नका: स्टूल, हेडफोन, मॅट आणि कित्येकदा किक पेडलही वेगळं घ्यावं लागतं, म्हणजे आणखी सहा ते दहा हजार. खऱ्या सेटमध्ये सापळा याहून मोठा आहे. ‘शेल पॅक’ लिहिलेलं असेल, तर त्यात फक्त ड्रम असतात. सिंबल, हाय-हॅटचा स्टँड, पेडल, स्टूल यांतलं काहीच नसतं, आणि बरे सिंबल ड्रमइतकेच महाग पडू शकतात. बिल करण्याआधी डब्यात काय-काय येणार, ते दुकानदाराकडून लिहून घ्या.

जुना सेट घेणं शहाणपणाचं आहे. हौसेने घेतलेले आणि चार महिन्यांत विकायला काढलेले सेट अर्ध्या किमतीला मिळतात. जाताना शिक्षकाला सोबत न्या, त्या क्लासची फी द्या, ती वसूल होते. सिंबलच्या कडेवर बोट फिरवा. केसाएवढी चीर असली तरी घेऊ नका, ती वाढतच जाते. मधल्या भोकाची कड झिजून लांबट झाली आहे का ते पाहा. इलेक्ट्रॉनिक सेट असेल तर प्रत्येक पॅड हळू आणि जोरात वाजवून पाहा, हाय-हॅटचं पेडल उघडं-बंद करून आवाज बदलतो का ऐका, मूळ ॲडॅप्टर आहे का तपासा. ऑनलाइन विक्रेत्याने ‘पैसे मिळवायला पिन टाका’ म्हटलं तर व्यवहार तिथेच थांबवा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.

सेट न घेता जॅमरूममध्ये सराव करणं हा मधला रस्ता आहे, आणि माझ्या मते पहिल्या वर्षी तोच सगळ्यात चांगला. बहुतेक ठिकाणी एकट्याने वाजवायचा दर बँडच्या दरापेक्षा कमी असतो आणि दुपारी तर आणखी कमी. तो विचारल्याशिवाय सांगत नाहीत. स्वतःच्या स्टिक न्याव्या लागतात. कानाला बोळे लावा, हे सांगताना मला जराही अतिशयोक्ती करायची नाही. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. फोमचे बोळे शंभर रुपयांच्या आत मिळतात. मुलांच्या कानाला तर ते हवेतच, आणि जो शिक्षक त्यांची टर उडवतो त्याच्याकडे मूल पाठवू नका.

हिशोब मांडून पाहू. ८०० रुपयांचा क्लास, महिन्याला चार: पहिल्या तीन महिन्यांचे ९,६०० रुपये. स्टिक, पॅड आणि बोळे धरून ३,०००. एकूण १२,६००. आवड टिकली तर वर्षाची फी ३८,४००, सामान ३,००० आणि पुढचे नऊ महिने आठवड्याला एक तास ४०० रुपयांची जॅमरूम, म्हणजे १५,६००. बेरीज ५७,०००. जॅमरूमऐवजी ४०,००० चा इलेक्ट्रॉनिक सेट आणि ८,००० चं जोडसामान घेतलं, तर ८९,४००. सांगितलेली फी ‘महिना ३,२००’ होती, हे लक्षात ठेवून ही रक्कम वाचा.

परीक्षांचा खर्च यात नाही. ट्रिनिटीच्या रॉक अँड पॉप परीक्षा ‘इनिशियल’पासून आठव्या ग्रेडपर्यंत असतात, रॉकस्कूलच्या ‘डेब्यू’पासून आठव्या ग्रेडपर्यंत. ग्रेडप्रमाणे शुल्क वाढत जातं. ते मंडळाच्या अधिकृत तक्त्यातच पाहा, शिक्षकाने तोंडी सांगितलेल्या रकमेवर विसंबू नका. परीक्षेच्या आधी ‘स्पेशल तयारी’चे जादा क्लास आणि पुस्तकाचे पैसे येतात, ते धरून विचारा. दोन्ही मंडळांत आधीची ग्रेड दिलीच पाहिजे अशी अट नाही, थेट दुसऱ्या किंवा तिसऱ्या ग्रेडला बसता येतं. दरवर्षी एकेक ग्रेड द्यायला लावणाऱ्याला हे विचारा. अर्जात नाव जन्मदाखल्याप्रमाणे किंवा पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर लिहा. प्रमाणपत्रावरची दुरुस्ती फुकट होईल असं गृहीत धरू नका. सहावी ते आठवी ग्रेड ब्रिटनमधल्या विद्यापीठ प्रवेशात गुणांसाठी धरली जाते. इथे दहावीला वाढीव गुण मिळतील असं कोणी म्हणालं, तर शाळेकडून मान्य संस्थांची यादी पाहिल्याशिवाय त्या भरवशावर पैसे भरू नका.

मूल शिकणार असेल, तर पहिले काही क्लास तिथेच बसा. शिक्षकाची त्याला हरकत असेल, तर तो क्लास तुमच्यासाठी नाही. ओळखपत्र पाहा, सध्याच्या दोन विद्यार्थ्यांच्या पालकांशी फोनवर बोला. मुलाचे व्हिडिओ तुमच्या परवानगीशिवाय रील म्हणून टाकायचे नाहीत, हेही आधीच सांगून ठेवा. तुमच्याकडून नाव, वय आणि फोन एवढं पुरतं. आधारची प्रत द्यायचं कारण नाही.

बहुतेक भांडणं सुट्ट्यांवरून होतात. स्वतंत्र शिक्षक हा बहुधा वाजवणारा कलाकार असतो. गणपती, नवरात्र, डिसेंबर आणि लग्नसराईत त्याचे कार्यक्रम असतात आणि तुमचे क्लास रद्द होतात. त्याचं पोट त्यावर आहे, तेव्हा तक्रार नको. पण बुडालेला क्लास भरून मिळालाच पाहिजे. तुम्ही २४ तास आधी कळवलं तर तुमचाही मिळाला पाहिजे. हे सगळं करारपत्राच्या कागदावर नको, व्हॉट्सॲपवरचा एक संदेश पुरे: ‘सर, ठरल्याप्रमाणे शनिवारी सकाळी ११ ते १२, महिन्याला चार क्लास, ३,२०० रुपये, जॅमरूमचं भाडं त्यातच. तुमच्याकडून रद्द झालेला क्लास त्याच महिन्यात किंवा पुढच्या महिन्यात. आम्ही २४ तास आधी कळवलं तर भरून द्याल. क्लास थांबवायचा झाला तर एक महिना आधी सांगू. बरोबर आहे ना?’ त्यावर ‘हो’ आलं की फी भरा, तीही यूपीआयने आणि शेऱ्यात महिना लिहून. रोख दिली तर त्याच क्षणी ‘मिळाले’ एवढं लिहून घ्या.

तीन महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ कधीच भरू नका, वर्षाच्या पॅकेजवर २० टक्के सूट असली तरी. आगाऊ घेतलेली फी परत मागायची वेळ आलीच, तर आधी तारखा आणि रक्कम लिहून संदेश पाठवा आणि १५ दिवसांची मुदत द्या. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. फोन करताना पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट आणि तो ‘हो’चा संदेश हाताशी ठेवा. तिथेही मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करा.